सीमापार शुल्कही घेतले आणि सीमा ओलांडल्याचा दंडही : सोनौलीहून परतलेल्या भाड्याच्या गाडीबाबत तक्रार

सोलापूर
दिनांक : 16 डिसेंबर 2024

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय : नेपाळप्रवासासाठी भाड्याने दिलेल्या मोटारीची सदोष कागदपत्रे, अनामत रकमेतून केलेली 12,000 रुपयांची कपात व एकूण 31,400 रुपयांच्या परताव्याची मागणी.

महोदय,

आपल्या कंपनीच्या सोलापूर येथील शाखेत 21 ऑक्टोबर 2024 रोजी मी सात दिवसांसाठी, म्हणजे 25 नोव्हेंबर ते 1 डिसेंबर या काळासाठी, स्वतः चालवण्याची सात आसनी मोटार आरक्षित केली होती. गाडी गोरखपूर येथे ताब्यात घ्यायची, सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनीमार्गे पोखऱ्यापर्यंत न्यायची आणि पुन्हा गोरखपूरलाच परत करायची, असे ठरले होते. प्रवास नेपाळचा आहे ही गोष्ट मी आडून सुचवली नव्हती. आरक्षणाच्या अर्जात 'प्रवासाचे ठिकाण' या रकान्यात 'पोखरा, नेपाळ' असे आपल्याच कर्मचाऱ्याने माझ्यासमोर लिहिले आणि त्यासाठी 'सीमापार परवानगी शुल्क' म्हणून 4,500 रुपये वेगळे आकारून त्याची पावती दिली. सात दिवसांचे भाडे 19,600 रुपये आणि अनामत 15,000 रुपये धरून एकूण 39,100 रुपये मी त्याच दिवशी भरले.

आमच्या घरातील पाच माणसे या प्रवासाला निघाली होती. माझ्या आईचे वय 74 आहे. तिच्या माहेरून आलेला गंडकीचा शाळिग्राम आमच्या देवघरात आहे आणि ज्या नदीतून तो आला ती नदी व मुक्तिनाथ एकदा डोळ्यांनी पाहावे, ही तिची फार जुनी इच्छा होती. कार्तिकीची वारी पंढरपुरात करून मग उत्तरेकडे निघायचे, असा तिनेच दिवस धरला होता. हे मी आपली सहानुभूती मिळावी म्हणून लिहीत नाही. गाडीत वयस्कर व्यक्ती असल्याने कागदपत्रांत काही अडचण नको, असे मी शाखेत दोनदा बोललो होतो आणि दोन्ही वेळा 'सगळे कागद आम्हीच करून देतो, तुम्ही फक्त गाडी चालवा' असे उत्तर मिळाले होते, हे नोंदवण्यासाठी लिहीत आहे.

पोखऱ्यापासून पुढे मुक्तिनाथला जाण्यासाठी आम्ही तिकडचीच जीप करणार होतो; तो रस्ता समुद्रसपाटीपासून 3,700 मीटरहून अधिक उंचीवर जातो आणि तेथे स्वतः गाडी हाकण्याचा मोह मला कधीच नव्हता. आपल्याकडून मला हवी होती ती फक्त पोखऱ्यापर्यंतची निर्धास्त सोय.

25 नोव्हेंबरला, सोमवारी, पहाटे गोरखपूरच्या आपल्या केंद्रावर पोहोचलो तेव्हा आरक्षित केलेली गाडी 'दुरुस्तीला गेली आहे' असे सांगून दुसरी गाडी पुढे करण्यात आली. या ठिकाणीच तक्रारीचे मूळ आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. आरक्षणाच्या कागदावर ज्या गाडीचा क्रमांक होता तिची पाटी काळी व अक्षरे पिवळी होती. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायच्या गाडीला अशीच पाटी असावी लागते. बदली दिलेल्या गाडीची पाटी पांढरी व अक्षरे काळी, म्हणजे खासगी वाहनाची होती. तिच्या आरसी बुकावर मालक म्हणून आपल्या कंपनीचे नाव नव्हते, गोरखपूरच्या एका खासगी व्यक्तीचे होते. आपल्या प्रतिनिधीने जे अधिकारपत्र माझ्या हाती दिले त्यात मात्र 'सदर वाहन आमच्या कंपनीच्या मालकीचे असून ते नेपाळमध्ये नेण्यास आमची हरकत नाही' असा मजकूर होता, आणि त्यातील जुना वाहन क्रमांक पेनने खोडून वर नवा क्रमांक हाताने लिहिलेला होता. खाडाखोडीवर सही नव्हती, शिक्काही नव्हता.

मी 31 वर्षे सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम केले आहे. कागदावर सही कोणाची आहे आणि ती करण्याचा त्याला अधिकार आहे का, हे पाहण्यावरच माझे घर चालले. असा कागद कर्जदाराने आणला असता तर मी तो दारातूनच परत पाठवला असता. रात्रभराच्या प्रवासानंतर, सामान उतरवण्याच्या गडबडीत मी तो घडी करून खिशात ठेवला, ही माझी चूक मी मान्य करतो. परंतु ग्राहकाने कागद नीट वाचला नाही म्हणून खोटा मजकूर खरा ठरत नाही.

गोरखपूर ते सोनौली हे अंतर सुमारे 100 किलोमीटरचे आहे. भारताच्या बाजूची तपासणी होऊन कमानीखालून पलीकडे बेलहिया येथे गेलो की लगेच नेपाळचे सीमाशुल्क कार्यालय लागते. तिकडे त्याला भन्सार म्हणतात. आम्हा माणसांच्या बाबतीत काहीच अडचण नव्हती. 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे भारतीय नागरिकाला तेथे व्हिसा लागत नाही, ओळखपत्र पुरते. गाडीचे तसे नाही. परदेशी वाहन जितके दिवस नेपाळमध्ये राहणार तितक्या दिवसांचे शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो, त्यासाठी आरसी बुक व चालकाचा परवाना दाखवावा लागतो, आणि गाडी चालवणारा स्वतः मालक नसेल तर मालकाचे संमतिपत्र लागते. भाड्याच्या गाडीच्या बाबतीत सगळा डोलारा या एका संमतिपत्रावर उभा असतो आणि नेमके तेच आपण मला चुकीचे दिले होते.

खिडकीवरील अधिकाऱ्यांनी आरसी बुक आणि आपले पत्र शेजारी शेजारी ठेवले आणि गाडीचा मालक कोण, एवढेच विचारले. मी कंपनीचे नाव सांगितले. त्यांनी आरसी बुकावरील नावावर बोट ठेवून तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांच्या वागण्यात आडमुठेपणा मुळीच नव्हता. उलट मालकाकडून योग्य पत्र मागवून घ्या, मी थांबतो, असे त्यांनी सांगितले. सीमेलगत भारतीय नेटवर्क मिळत होते म्हणून मी आपल्या मदतवाहिनीला सकाळी 11:15 ते दुपारी 12:10 या वेळेत तीनदा दूरध्वनी केला. पहिल्या वेळी 'हेच पत्र सगळीकडे चालते' असे सांगण्यात आले, दुसऱ्या वेळी 'गोरखपूर केंद्राशी बोला' असे, आणि तिसऱ्या वेळी 'गाडीच्या मालकांशी संपर्क होत नाही' असे. या तिसऱ्या उत्तराने गाडी आपली नाही हे आपल्याच तोंडून स्पष्ट झाले. शेवटी अधिकाऱ्यांनी माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात नकाराचा शेरा व वेळ लिहून कागद परत केले.

तेथे ताटकळत बसलो असताना मी गाडीच्या पाकिटातील विम्याची पॉलिसी प्रथमच उघडून पाहिली. ती खासगी वाहनाची होती आणि तिच्यावर 'भौगोलिक क्षेत्र : भारत' असे स्पष्ट छापलेले होते. नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा शेजारी देशांत गाडी न्यायची असेल तर भारतातील विमा कंपनीकडून पॉलिसीचे क्षेत्र वाढवून घेता येते. त्यासाठीचा जादा हप्ता 2002 च्या मोटार विमा दरपत्रकात संपूर्ण पॉलिसीसाठी 500 रुपये होता. क्षेत्र वाढवल्याची ही नोंद, म्हणजे पृष्ठांकन, त्या पॉलिसीवर नव्हते. शिवाय खासगी वाहनाच्या पॉलिसीत गाडी भाड्याने देण्याचा वापर वगळलेला असतो. याचा अर्थ असा की अधिकाऱ्यांनी डोळेझाक करून आम्हाला सोडले असते, तर बुटवलच्या पुढे पाल्पाच्या घाटातून पोखऱ्यापर्यंत, सीमेपासूनचे सुमारे 180 किलोमीटर, मी घरच्या पाच जणांना घेऊन विम्याच्या कोणत्याही आधाराविना गाडी चालवत गेलो असतो आणि ते मला कळलेही नसते. समोरच्या वाहनाला किंवा रस्त्यावरच्या माणसाला धक्का लागला असता, तर परक्या देशात त्याची भरपाई कोणी केली असती? आपण 4,500 रुपये घेऊन नेमकी कोणती परवानगी काढली, हे मला आजतागायत समजलेले नाही. अधिकारपत्र चुकीचे होते, विम्याचे क्षेत्र वाढवलेले नव्हते, आणि याखेरीज आपल्या बाजूने करायचे असे तिसरे काम त्यात नव्हतेच.

आम्ही गाडी परत भारतात आणली, सोनौलीत एका वाहनतळावर उभी केली, सामान हमालाकडे दिले आणि आईला सायकल रिक्षात बसवून सीमा ओलांडली. पुढचा प्रवास भैरहवा येथे ठरवलेल्या नेपाळी गाडीने केला. आईला मुक्तिनाथाचे दर्शन घडले, 108 धारांचे पाणी तिने डोक्यावर घेतले. त्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. आपली गाडी मात्र पहिल्या दिवशीच्या दुपारपासून सातव्या दिवशीच्या सकाळपर्यंत सोनौलीत जागची हलली नाही. ती आधी परत करून भाडे थांबवण्याची तयारी मी त्याच दिवशी संध्याकाळी दूरध्वनीवरून दाखवली होती, परंतु 'मुदतीआधी परत केल्यास परतावा नाही' असे सांगण्यात आले.

खरा धक्का सोलापूरला परतल्यावर बसला. 15,000 रुपयांच्या अनामतीपैकी फक्त 3,000 रुपये माझ्या खात्यावर जमा झाले आणि उरलेले 12,000 रुपये 'विनापरवाना आंतरराष्ट्रीय प्रवास' या कारणाने दंड म्हणून कापल्याचा ईमेल आला. गाडीत बसवलेल्या जीपीएस यंत्राने 25 नोव्हेंबरला सकाळी 10:52 वाजता गाडी भारताबाहेर गेल्याची व दुपारी 12:36 वाजता परत आल्याची नोंद केली आहे, असे त्यात म्हटले आहे. ही नोंद खरी आहे. ज्या भन्सार कार्यालयात आपले पत्र दाखवायचे होते ते कार्यालयच सीमेच्या पलीकडे असल्याने, तेथे जाण्यासाठी गाडीला तेवढे अंतर जावेच लागते. म्हणजे परवाना मागण्यासाठी जी जागा आहे तेथे गेल्याबद्दलच परवान्याविना गेल्याचा दंड मला झाला आहे. ज्या प्रवासाच्या परवानगीचे शुल्क आपण आधीच घेतले होते, त्याच प्रवासाच्या पहिल्या काही शे मीटरांसाठी हा दंड आहे.

आपल्या ईमेलमध्ये आणखी एक आक्षेप आहे, तो येथेच निकालात काढतो. भन्सारच्या शेऱ्यावरील वेळ 12:35 आहे आणि गाडी 12:36 ला भारतात परतली, एका मिनिटात हे शक्य नाही, म्हणून शेरा संशयास्पद आहे, असे आपण म्हणता. नेपाळचे घड्याळ भारताच्या 15 मिनिटे पुढे असते. त्यांचे 12:35 म्हणजे आपले 12:20, आणि कागद गोळा करून, गाडी वळवून परत यायला 16 मिनिटे लागली. सीमापार प्रवासासाठी गाड्या देणाऱ्या आणि त्याचे शुल्क घेणाऱ्या कंपनीला ही गोष्ट ग्राहकाने पत्र लिहून कळवावी लागते, याचे मला नवल वाटले.

करारनाम्याच्या कलमानुसार गाडीचा वापर भारतापुरता मर्यादित आहे, असेही आपण कळवले आहे. तसे असेल तर शाखेने नेपाळचे ठिकाण लिहून घेऊन शुल्क घेतलेच कसे, आणि 'नेपाळमध्ये नेण्यास हरकत नाही' असे पत्र आपल्या शिक्क्याच्या कागदावर दिलेच कसे? यातील एकच गोष्ट खरी असू शकते. परवानगी दिली होती, तर दंड चुकीचा आहे. दिलीच नव्हती, तर शुल्क चुकीचे आहे. आपण मात्र दोन्ही रकमा ठेवून घेतल्या आहेत.

माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. सीमापार शुल्काचे 4,500 रुपये, दंडाचे 12,000 रुपये, गाडी निरुपयोगी उभी राहिली त्या पाच दिवसांचे 14,000 रुपये भाडे आणि सोनौलीच्या वाहनतळाचे सहा रात्रींचे 900 रुपये, असे एकूण 31,400 रुपये आपण परत करावेत. पहिल्या व सातव्या दिवशी गाडी मी वापरली, त्यामुळे त्या दोन दिवसांचे भाडे मी मागत नाही. नेपाळी गाडीसाठी वेगळा खर्च झाला, तोही मी यात धरलेला नाही, कारण उभ्या गाडीचे भाडे आणि तिच्या जागी केलेल्या गाडीचे भाडे दोन्ही आपल्याकडून वसूल करणे न्याय्य होणार नाही.

रकमेखेरीज दोन गोष्टींचा लेखी खुलासा मला हवा आहे. खासगी पाटीची गाडी भाड्याने देण्याचा अधिकार आपल्याला कोणत्या नियमाखाली आहे, आणि 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली आपल्या कंपनीकडे जो परवाना असणे अपेक्षित आहे त्यात ही गाडी समाविष्ट होती का? या प्रश्नांचा माझ्या परताव्याशी थेट संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण आज आपल्याच शाखेतून दुसरे एखादे कुटुंब पशुपतिनाथाला जाण्यासाठी अशीच गाडी घेत असेल आणि त्यांच्या कागदांकडे भन्सारमध्ये कोणी इतक्या बारकाईने पाहिले नाही, तर ते विम्याविना घाट चढतील. म्हणून विचारतो.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम माझ्या खात्यावर जमा न झाल्यास, ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे दाद मागण्याची तरतूद या कायद्यात असल्याने, आपले मुख्य कार्यालय परगावी असल्याची अडचण मला येणार नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला तेथे शुल्कही लागत नाही. तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या 1915 या क्रमांकावर मी माझी तक्रार नोंदवली आहे.

आरक्षणाचा अर्ज, शुल्काची पावती, खाडाखोड असलेले अधिकारपत्र, आरसी बुक व विमा पॉलिसीची छायाचित्रे, शेरा मारलेला भन्सारचा अर्ज, वाहनतळाची पावती आणि आपला ईमेल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ कागद माझ्याकडे सुरक्षित आहेत आणि गरज भासल्यास सोलापूर शाखेत आपल्या अधिकाऱ्यांना ते दाखवण्यास मी तयार आहे. मात्र त्यांच्या ताब्यात देणार नाही.

आपला विश्वासू,
(सही)
तक्रारदार ग्राहक, सोलापूर