बंबांची सावड

शिकागोजवळून,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर सगळं सांगायला बसले की मध्येच आई पोरांची चौकशी करते, नाहीतर रेंज जाते, आणि जे फक्त तुम्हालाच कळेल ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र. आईला नंतर वाचून दाखवा, पण आधी तुम्ही वाचा. सगळं आगीच्या बंबाबद्दल आहे, ज्यावर तुमची सगळी नोकरी गेली.

गेल्या महिन्यात आमच्या मागच्या इमारतीला आग लागली, ते तुमच्या कानावर आहेच. माणसं सगळी सुखरूप बाहेर आली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सुरू झाली आणि बघता बघता छपरात शिरली. इथल्या घरांचा सांगाडा लाकडाचा, त्यामुळे एकदा छपरात शिरली की आवरत नाही. आधी आमच्या गावच्या गाड्या आल्या. त्यांनी पाईप पसरेपर्यंत मागून आणखी गाड्या येऊ लागल्या आणि त्यांच्या दारांवर वेगवेगळ्या गावांची नावं होती: हॉफमन इस्टेट्स, पॅलाटाइन, रोलिंग मेडोज. ही सगळी आमच्या आसपासची उपनगरं. प्रत्येकाची नगरपालिका वेगळी, अग्निशमन दल वेगळं, गणवेशावरचा बिल्ला वेगळा. पण काम असं चाललं होतं की जणू सगळे एकाच स्टेशनातून निघालेत.

बाकीचे लोक आगीकडे बघत होते. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: यांना बोलावलं कुणी, आणि इतक्या लवकर कसं? तुमची मुलगी असल्याशिवाय हा प्रश्न पडला नसता. हद्दीबाहेरच्या आगीची वर्दी आली की तुम्ही गाडी चालू करून दारात थांबलेले, आणि आत कुणीतरी साहेबांना फोन लावतंय, हे मी किती वेळा पाहिलंय. साहेब जेवायला बसलेले, साहेब मीटिंगमध्ये, साहेबांचा फोन लागत नाही. मग परवानगी, मग बाहेरच्या फेरीचे पैसे कोण भरणार त्याची चौकशी. तोवर पलीकडच्या तालुक्यातला ऊस जळून गेलेला असायचा. परत आल्यावर तुम्ही जेवायचा नाहीत. आई ताट झाकून ठेवायची.

इथे ऑक्टोबरात आग प्रतिबंधक सप्ताह असतो, आपल्या १४ एप्रिलच्या आठवड्यासारखा. आपला सप्ताह मुंबई गोदीतल्या १९४४ च्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांच्या आठवणीत, तर इथला १८७१ च्या शिकागोच्या आगीच्या आठवणीत. त्या आठवड्यात फायर स्टेशनं सगळ्यांना खुली असतात. पोरं बंबात बसायला गेली आणि मी तिथल्या एका लेफ्टनंटला गाठलं. माझे वडील बंबावर ड्रायव्हर आणि पंप ऑपरेटर होते असं म्हटल्यावर तो माणूस एकदम खुलला. आत जाऊन एक छापील कार्ड घेऊन आला.

त्या कार्डाचं नीट सांगते, कारण सगळी किमया त्यात आहे. गावाच्या प्रत्येक भागाचं एक कार्ड आधीच तयार असतं. आडव्या ओळी वर्दीच्या पायऱ्यांच्या: पहिली, मग दुसरी, अशा पाचपर्यंत. मुंबईत क्रमांक दोनची वर्दी, क्रमांक तीनची वर्दी म्हणतात, तसंच. उभे रकाने गाड्यांचे: पाणी मारणाऱ्या, शिडीच्या, टँकर, ॲम्ब्युलन्स, वरिष्ठ अधिकारी. प्रत्येक चौकटीत गावाचं नाव. म्हणजे दुसरी वर्दी दिली की शिडी कुठल्या गावची निघणार, हे आग लागायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. जागेवरचा अधिकारी वायरलेसवर फक्त कार्डाचा नंबर आणि पायरी सांगतो. नियंत्रण कक्ष नावं वाचतो, गाड्या निघतात. कुणी कुणाला विनवायचं नाही, कुणी साहेबांना जेवणावरून उठवायचं नाही. वायरलेसची एक फ्रिक्वेन्सीही सगळ्यांची मिळून ठेवलेली आहे, म्हणजे पॅलाटाइनच्या माणसाला आमच्या साहेबाचं बोलणं थेट ऐकू येतं.

एका गावाला शक्यतो एकच गाडी मागतात. दोन-तीन मागितल्या तर मदत करणारं गावच उघडं पडेल.

आणि अण्णा, कार्डाच्या शेवटी एक रकाना आहे, तो बघून माझा जीव हलला. आमच्या सगळ्या गाड्या आगीवर गेल्या की आमचं स्टेशन रिकामं पडतं. त्या वेळी दुसऱ्या कुठल्या गावची गाडी येऊन आमच्या स्टेशनात बसेल, ते त्या रकान्यात लिहिलेलं असतं. आगीवर जायचंच नाही तिने. रिकाम्या स्टेशनात येऊन थांबायचं, आणि तेवढ्यात गावात दुसरीकडे कुणाला छातीत दुखलं, कुठे अपघात झाला, तर ती धावणार. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाला आग लागली होती आणि त्याच वेळी बसस्टँडमागच्या वखारीचीही वर्दी आली, तो दिवस मी विसरलेले नाही. तुम्ही तरी काय करणार होता, बंबच एक.

या व्यवस्थेचं नाव माबास, म्हणजे म्युच्युअल एड बॉक्स अलार्म सिस्टीम. १९६८ साली शिकागोच्या उपनगरांनी सुरू केली, आता अख्ख्या इलिनॉयमध्ये आहे आणि शेजारच्या राज्यांतही पोचली आहे. कराराचा मसुदा सगळ्यांना सारखा, आणि प्रत्येक नगरपालिकेच्या सभेत तो रीतसर मंजूर होतो. त्यामुळे हद्दीबाहेर गेलेल्या जवानाला काही इजा झाली तर जबाबदारी कुणाची, गाडीचं नुकसान झालं तर विमा कुणाचा, हे भांडण आगीच्या रात्री उरत नाही. पैशांचंही विचारलं मी. नेहमीच्या आगींना एकमेकांना बिल लावायची पद्धत नाही. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. आपल्याकडे भांगलणीला बायका सावड करतात, आज माझ्या रानात, उद्या तुझ्या रानात, मजुरीचा हिशेब नाही. तशीच ही बंबांची सावड. २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर याच कार्डांच्या जोरावर इलिनॉयमधून शेकडो जवान लुइझियानाला गेले होते.

पूर्वी हे असं नव्हतं. १८७१ च्या आगीच्या आदल्याच रात्री शिकागोच्या जवानांनी एक मोठी आग विझवली होती. माणसं थकलेली, सामान निम्मं नादुरुस्त. दुसऱ्या रात्री शहर पेटल्यावर महापौरांनी तारा पाठवून गावोगावची मदत मागितली. मिलवॉकीहून वाफेवरचे पंप आगगाडीवर चढवून आणले, साधारण दीडशे किलोमीटरवरून. ते पोचेपर्यंत शहराचा मधला भाग गेलेला होता. सुमारे तीनशे माणसं गेली, एक लाख बेघर झाली.

पण तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल ती बाल्टिमोरची हकीगत. ७ फेब्रुवारी १९०४, रविवार. आग हाताबाहेर गेली तशी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून मदत आली. वॉशिंग्टनचे लोक तर त्याच दिवशी आगगाडीने पोचले. गाड्या आल्या, माणसं आली, हायड्रंटमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या आगीसाठीच्या नळात, पाणी होतं, आणि होज, म्हणजे पाण्याचा पाईप, हायड्रंटला बसेना! प्रत्येक शहराच्या कपलिंगचे, म्हणजे पाईपच्या तोंडाच्या जोडाचे, आटे वेगळे. विचार करा, पंपावर उभं राहायचं, पुढ्यात हायड्रंट, आणि जोडता येत नाही. काहींनी जोडावर कापड गुंडाळून पाणी घ्यायचा प्रयत्न केला. तीस तास शहर जळलं, दीड हजारावर इमारती गेल्या. पुढे तपास झाला तेव्हा देशभरात कपलिंगचे सहाशेहून जास्त प्रकार निघाले. दुसऱ्या वर्षी सगळ्यांसाठी एक माप ठरवलं, पण नुसतं ठरवून काय होतं? १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या डोंगरउतारावर आग लागली, २५ माणसं गेली, आणि तिथेही बाहेरून आलेल्या बंबांना तीच अडचण. बाकीच्यांची कपलिंगं अडीच इंची, ओकलंडचे हायड्रंट तीन इंची.

आमच्या मागच्या आगीत आणखी एक गोष्ट जवळून बघितली. जवान आत शिरायच्या आधी अंगावरची नावाची छोटी पट्टी काढून देत होते. वेल्क्रोवर चिकटवलेली असते. अधिकाऱ्याच्या हातात एक फळी, तिच्यावर त्या पट्ट्या लावलेल्या: कोण कुठल्या बाजूने आत गेलंय, कुणाबरोबर गेलंय. बाहेर आला की पट्टी परत. सगळ्या गावांची पद्धत एकच, म्हणून आमच्या साहेबाला पलीकडच्या गावच्या मुलाचा चेहरा माहीत नसला तरी तो आत आहे हे माहीत असतं. आणि आत गेलेल्यांपैकी कुणी अडकला तर त्याला काढायला एक तुकडी पूर्ण तयारीत बाहेर उभी असते. पाणी मारत नाही, काही करत नाही, नुसती त्याच कामासाठी थांबते. पुष्कळदा ती तुकडी शेजारच्या गावची असते. परक्या गावच्या पोरांसाठी हवेचे सिलिंडर पाठीवर घेऊन उभी राहिलेली ती माणसं बघून तुमच्याबरोबरच्या सगळ्या काकांची आठवण आली.

तुम्ही म्हणाल, बाई, तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर हायड्रंट आहेत, आपल्याकडे पाणी कुठून आणायचं? हे मी विचारलं त्यांना. शिकागोपासून बाहेर गेलं की इथेही नुसती मक्याची रानं आहेत, हायड्रंट नाही. तिथल्या भागाचं कार्ड वेगळं असतं, त्यात टँकर जास्त. पहिला बंब पोचला की रस्त्याच्या कडेला ताडपत्रीचा घडीचा हौद उघडतात, लोखंडी चौकटीचा. टँकर येतो, मागचं मोठं झाकण उघडून सगळं पाणी एकदम हौदात सोडतो आणि लगेच भरायला परत फिरतो. मागून दुसऱ्या गावचा टँकर, मग तिसऱ्या. बंब हौदातून पाणी ओढत राहतो, जागा सोडत नाही. तुमचा सगळा जन्म विहिरीवर भरायला जाण्या-येण्यात गेला. बंब चार-पाच हजार लिटरचा, ब्रांच, म्हणजे पाईपच्या टोकाची तोटी, उघडली की काही मिनिटांत कोरडा, आणि भरून येईस्तोवर विझत आलेली आग पुन्हा डोकं काढणार. तो हौद आपल्याकडे हवाच. आपल्या भागात टँकरला काय तोटा? उन्हाळ्यात गल्लोगल्ली फिरतात.

आता पत्राचं खरं कारण. उसाचा हंगाम सुरू व्हायला आला. साखर कारखान्याचा बंब आहे, आपल्या नगरपरिषदेचा आहे, पलीकडच्या नगरपरिषदेचा आहे, एमआयडीसीचा आहे. एकमेकांच्या आगीला हे सगळे आजही धावतात, पण कुणीतरी कुणालातरी ओळखतो म्हणून, फोन लागला म्हणून. तुम्ही निवृत्त झालात तरी या चारही ठिकाणचे फायरमन तुम्हाला मानतात. त्यांना एकदा घरी चहाला बोलवा. पूर्वेकडच्या वाड्यांवर आग लागली तर पहिला कोण, दुसरा कोण, पाणी कुठल्या विहिरीवरून, आणि आपला बंब बाहेर गेला तर गावात येऊन कोण थांबणार, एवढं कागदावर मांडा. मग दादाला घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे जा. सभेत ठराव झाला तर उत्तमच, कारण परवानगी आधी मिळालेली असेल तर ड्रायव्हरला दारात थांबावं लागणार नाही. हे काही परदेशातलं खूळ म्हणून कुणी उडवून लावायला नको. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा मार्ग नावाचा असाच एकमेकांना मदत करणारा गट आहे. कारखान्यांना जमतं ते नगरपरिषदांनाही जमेल. एकच बंब असलेल्या गावाला तर शेजाऱ्याची गरज सगळ्यात जास्त.

कार्डाचा फोटो दादाच्या व्हॉट्सॲपवर पाठवला आहे. रकाने आपल्या सोयीने बदला. आणि चहाच्या आधी एक काम करा: चारही बंबांची होज एकमेकांना लावून बघा. कागदावर सगळी अडीच इंची असतील, पण जुन्या गाडीचं कपलिंग झिजलेलं, रबर गेलेलं, असं काहीतरी निघेलच. ते हिवाळ्यातच बदलून घेता येईल.

इकडे थंडी सुरू झाली. पोरांची शाळा नीट चालू आहे. धाकटी स्टेशनातून मिळालेली लाल प्लॅस्टिकची टोपी घालूनच झोपते आणि आजोबांचा बंब बघायला कधी जायचं म्हणून रोज विचारते. मे महिन्यात यायचं जमवतो आहोत. गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या. आईला नमस्कार, दादा-वहिनींना सांगणं, लहानांना आशीर्वाद. चहाला कोण कोण आलं ते सविस्तर कळवा.

तुमची लाडकी,
ताई