हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला उपचारात भागीदार करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला घरी सोडताना हातात औषधांची यादी मिळते, ‘मीठ कमी करा, पाणी बेताने प्या, महिन्याने दाखवायला या’ एवढे सांगितले जाते आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले जाते. त्या महिन्यात तब्येत बिघडू लागली तर ते ओळखायचे कसे आणि ओळखल्यावर करायचे काय, हे मात्र सांगायचे राहून जाते. खरे तर डिस्चार्जनंतर शक्यतो सात दिवसांतच पहिली भेट व्हावी, असे अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. वडिलांच्या आजारपणात हे सारे जवळून पाहते आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

या आजारात हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडते आणि शरीरात पाणी साठत जाते. बहुतेक वेळा हे हळूहळू घडते. धाप लागून रुग्णालयात धावावे लागण्याच्या कितीतरी दिवस आधी वजन चढू लागते, घोट्याजवळ बोटाने दाबले की खळगा राहतो, आडवे झाल्यावर श्वास कोंडतो. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढले तर ती धोक्याची खूण मानतात. हे सगळे सर्वांत आधी कळते ते रुग्णालाच. डॉक्टरांना तो दिसतो पाच-दहा मिनिटे.

एका नर्सने वडिलांना साधी वही घालून दिली. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, रोज त्याच काट्यावर वजन करायचे आणि लिहायचे. शेजारच्या रकान्यात, श्वास कोंडू नये म्हणून रात्री डोक्याखाली किती उशा लागल्या ते. मध्यंतरी दोनाच्या तीन उशा झाल्या, वजनही वर सरकत होते. डॉक्टरांनी आधीच लिहून दिले होते, की असे झाल्यास लघवीची गोळी किती वाढवायची, किती दिवस, आणि तरीही उतार पडला नाही तर कोणाला फोन करायचा. वडिलांनी तसे केले आणि पाणी उतरले. अर्थात रक्तदाब आणि मूत्रपिंडे पाहून ठरवलेला तो त्यांच्यापुरता हिशेब होता. दुसऱ्या कोणी त्याची नक्कल करू नये.

औषधांबाबतही रुग्णाला विश्वासात घ्यायला हवे. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके संथ करून त्याच्यावरचा ताण कमी करणारी गोळी, सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवस थकवा वाटू शकतो. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण ‘ही गोळी सोसत नाही’ म्हणून परस्पर बंद करतो आणि रागावतील या भीतीने पुढच्या भेटीत गप्प बसतो. गुडघेदुखीवर स्वतःच्या मनाने घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अंगात पाणी साठवते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. दटावण्याऐवजी ‘गोळ्या घेताना काय अडचण येते?’ असे विचारले, तर यातले बरेच काही आपोआप बाहेर येईल.

मात्र भागीदारीच्या नावाखाली सगळा भार रुग्णावर ढकलून ‘वजन का केले नाही?’ म्हणून त्यालाच धारेवर धरणार असाल, तर ते अन्यायाचे आहे. दृष्टी अधू झालेल्याला, विसरभोळेपणा आलेल्याला, एकट्या राहणाऱ्याला वही झेपेलच असे नाही. तिथे घरच्यांना किंवा नर्सला सोबत घ्यावे लागेल. रुग्णाला स्वतःला काय हवे आहे, हेही विचारले गेले पाहिजे. कोणाला जिना चढता यायला हवा असतो, कोणाला फक्त रात्रीची सलग झोप.

रुग्णालयांना माझी विनंती आहे, की घरी सोडण्यापूर्वी रुग्णाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घ्या: वजन किती वाढले तर काय करणार, कोणती गोळी कशासाठी आहे. अडखळला तर पुन्हा समजावून सांगा. आणि कागदावर असा फोन नंबर लिहून द्या, जो रात्रीही कोणीतरी उचलेल.

आपली,
एक वाचक