पहिला प्रश्न सिगारेटचाच का?

संपादक महोदय,

नामवंत व्यक्ती फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली की श्रद्धांजलीच्या आधी ‘सिगारेट ओढायचे का?’ ही विचारणा सुरू होते. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकी वृत्तनिवेदक पीटर जेनिंग्ज याच कर्करोगाने गेले. ते धूम्रपान करत. दोनच दिवसांनी अभिनेत्री डेना रीव्ह यांनी आपल्यालाही तोच आजार असल्याचे जाहीर केले. त्यांनी सिगारेट कधी ओढलीच नव्हती. मार्च २००६ मध्ये, ४४व्या वर्षी, त्या गेल्या. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, प्रदूषित हवा, जमिनीतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू हीसुद्धा कारणे आहेत.

या विचारणेमुळे सिगारेट न ओढणारे गाफील राहतात, हे फार वाईट. त्यात आपल्याकडे एक्स-रेवरचा डाग क्षयाचाच धरून, थुंकीत जंतू सापडले नसतानाही महिनोन्‌महिने गोळ्या चालतात. तेवढ्यात गाठ पसरते. खोकला तीन आठवड्यांवर टिकला, थुंकीतून रक्त पडले, आवाज बसला तर एक्स-रे काढाच. उपचारांनी डाग कमी होत नसेल तर सीटी स्कॅन आणि बायोप्सीबद्दल (गाठीचा तुकडा काढून तपासण्याबद्दल) स्पष्ट विचारा.

बायोप्सीचा तुकडा पुरेसा हवा. तो अगदी बारीक असला तर निदानातच संपतो, ईजीएफआर, एएलके या जनुकांतले बदल शोधणाऱ्या तपासण्यांना पेशी उरत नाहीत आणि सुई पुन्हा टोचावी लागते. हे बदल न ओढणाऱ्यांत जास्त आढळतात, आणि त्यांवर गोळ्या आहेत. रुग्णालय बदलताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. तपासलेल्या काचपट्ट्या आणि तुकडा जपून ठेवलेला मेणातला ब्लॉकही मागून घ्या.

– एक वाचक, पुणे