धूर जिथवर, बंदी तिथवर

महोदय,

धूम्रपानबंदीची चर्चा सुरू झाली की एकीकडून ‘शरीर माझं, मर्जी माझी’ हा मुद्दा येतो आणि दुसरीकडून ‘घाणेरडी सवय आहे, मोडलीच पाहिजे’ हा. खुद्द धुराविषयी दोघेही फारसे बोलत नाहीत. इमारतींच्या वायुवीजनाचे काम करणाऱ्या आम्हा मंडळींना वाटते की या बाबतीत स्वातंत्र्याची हद्द धूरच आखून देतो. तो दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो तिथे बंदी पूर्ण हवी, सवलतीविना हवी. जिथे जात नाही तिथे कायद्याने ओढणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

सिगारेटचा धूर खोलीत दोन वाटांनी येतो. ओढणाऱ्याने सोडलेला धूर हा त्यातला लहान भाग. मोठा भाग, साधारण ८५ टक्के, दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकावरून थेट हवेत मिसळतो. तेव्हा टोकाचे तापमान उतरलेले असते, ज्वलन अर्धवट होते, आणि या धुराच्या वाटेत फिल्टर नसतोच. त्यातले कण बहुतांशी ०.१ ते १ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ०.३ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला जवळपास तीन दिवस घेतो. धूर विरला असे डोळ्यांना वाटते, तेव्हा तो खोलीभर सारखा पसरलेला असतो.

थोडा हिशेब करू. खोली ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद, २.८ मीटर उंच, म्हणजे सुमारे १०० घनमीटर हवा. एका सिगारेटमधून अंदाजे १० मिलिग्रॅम सूक्ष्म कण बाहेर पडतात असे धरले, तर एकाच सिगारेटने दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम होतात. अशा कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली २४ तासांच्या सरासरीची मर्यादा १५ आहे. आता त्या खोलीत पाच जण ताशी दोन-दोन सिगारेटी ओढत बसले, तर ताशी १०० मिलिग्रॅम कण येत राहतील. बाहेरची हवा अगदी स्वच्छ आहे असे मानले तरी पातळी १५ वर राखायला ताशी सुमारे ६,६७० घनमीटर ताजी हवा आत घ्यावी लागेल. खोलीतली सगळी हवा तासाला ६६ वेळा बदलायची! ती सहा वेळा बदलली तरी व्यवस्था उत्तम म्हणायची, आणि त्या दराने पातळी १६५ च्या आसपास जाऊन थांबते. ६६ पट हवा थंड किंवा गरम करून आत घेण्याचा खर्च कोणीही करत नाही.

म्हणूनच ‘वेगळा धूम्रपान कक्ष द्या, म्हणजे दोघांचेही स्वातंत्र्य राहील’ ही तडजोड ऐकायला समंजस वाटली तरी इमारतीत टिकत नाही. कागदावर कक्ष चोख असतो: चारही भिंती छतापर्यंत, आपोआप मिटणारे दार, स्वतंत्र एक्झॉस्ट, आणि धूर बाहेर येऊ नये म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी. पण दार उघडले की तो दाबातला फरक त्या क्षणी नाहीसा होतो. उघडझाप करणारे दार पंपासारखे हवा ढकलते, आणि बाहेर पडणाऱ्या माणसाच्या पाठोपाठ धुराचा लोट मार्गिकेत येतो. मग देखभालीतल्या चुका सुरू होतात. भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच बांधलेली असते आणि वरची पोकळी शेजारच्या खोल्यांशी जोडलेली राहते. पंख्याचा पट्टा सैल होतो, जाळी चिकट राळेने बुजते, खेचली जाणारी हवा निम्म्यावर येते आणि ते महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. एक्झॉस्टचे तोंड ताज्या हवेच्या झरोक्याजवळच काढलेले असते, म्हणजे बाहेर टाकलेला धूर दुसऱ्या वाटेने पुन्हा आत.

स्प्लिट एसी आणि एअर प्युरिफायर यांवरही लोकांचा विनाकारण विश्वास आहे. स्प्लिट एसी तीच हवा फिरवून गार करतो. प्युरिफायरमधला हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) कण पकडतो, पण बेन्झिन, फॉर्माल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड हे वायू त्यातून आरपार जातात. सक्रिय कार्बनचा थर काही वायू धरतो. तो लवकर भरतो आणि कार्बन मोनॉक्साइड त्याला धरताच येत नाही. निकोटिन पडद्यांत आणि रंगात मुरून नंतर कितीतरी दिवस हवेत परतत राहते. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘ॲशरे’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्येच आपली भूमिका स्पष्ट केली होती: इमारतीच्या आतला हा धोका संपवायचा तर धूम्रपान बंद करणे हाच उपाय. यंत्रे विकू शकणाऱ्या व्यवसायाने हे सांगितले, याला आम्ही फार महत्त्व देतो. जागतिक तंबाखू नियंत्रण करारावरच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

कक्षाची राखदाणी रिकामी करायला कोणाला तरी आत जावेच लागते. स्वातंत्र्याच्या चर्चेत हा माणूस सहसा नसतोच. ग्राहकाला दुसरीकडे जाता येते. वाढप्याला, सफाई कामगाराला येत नाही. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी पबसह जवळपास सर्व बंदिस्त कामाच्या जागी धूम्रपान बंद केले, ते कामगारांच्या आरोग्याच्या आधारावर. त्या कायद्याचा हा पाया आम्हाला सर्वात भक्कम वाटतो, कारण त्यात ओढणाऱ्याच्या चारित्र्याचा न्याय केलेला नाही.

मोटारीचे गणित तर भयंकर आहे. आत हवा जेमतेम तीन घनमीटर. काचा बंद असतील तर एकाच सिगारेटने पातळी हजारांत जाते, आणि मागे बसलेले मूल उतरून जाऊ शकत नाही. १८ वर्षांखालील कोणी सोबत असेल तर इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून बंदिस्त मोटारीत ओढण्यास मनाई आहे. ती योग्यच आहे.

घराचा प्रश्न खरोखर अवघड. बहुमजली इमारतीत धूर न्हाणीघराच्या शाफ्टमधून, पाइपांभोवतीच्या फटींतून, दाराखालून शेजाऱ्याकडे जातो. एक्झॉस्ट डक्टमध्ये उलट्या प्रवाहाला अडवणारी झडप, पाइपांभोवती सीलंट, दाराच्या तळाशी ब्रश-पट्टी एवढे केले तर त्रास कमी होतो, पण शून्य होत नाही. इथे पोलिसांऐवजी शेजाऱ्यांचा लेखी समझोता बरा.

उघड्यावर मात्र चित्र पालटते. वाऱ्यात धूर झपाट्याने विरळ होतो. अर्ध्या मीटरवर तो बंदिस्त खोलीइतका दाट असू शकतो, दोन मीटरपलीकडे बहुधा मोजण्याजोगा उरत नाही. दारातला घोळका हा अपवाद, कारण इमारत दारातून हवा ओढून घेते. ‘लीड’ या हरित इमारत मानांकनात दारे, खिडक्या आणि हवेच्या झरोक्यांपासून ७.५ मीटर अंतर सांगितले आहे, ते पाळावे. त्यापलीकडच्या मोकळ्या मैदानात एकट्या माणसाला दंड करण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

कामावर घेताना लघवीत कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासून ‘ओढणारा’ म्हणून उमेदवार नाकारणे तर सरळ अन्याय आहे. ही बंदी धुरावर नसून माणसावर आहे. शिवाय चाचणी फसते. निकोटिनचा च्युइंगगम चघळून सवय सोडू पाहणाऱ्याच्या लघवीतही कोटिनिन सापडतेच. संपूर्ण विक्रीबंदीलाही आमचा विरोध आहे. भूतानने ती २००४ मध्ये आणली, चोरटा व्यापार फोफावला आणि २०२१ मध्ये ती उठवावी लागली.

ज्या इमारतीत पूर्ण बंदी आहे तिथे मालकाने दोन गोष्टी कराव्यात. निकोटिनचे रक्तातले प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणून लांब पाळीत बाहेर जायला वेळ द्यावा. आणि ‘धूम्रपान मनाई’ एवढ्यावर न थांबता त्याच फलकावर बाण काढून लिहावे की मोकळी जागा कोणत्या दाराने आणि किती मीटरवर आहे. तिथे छप्पर असावे, बाजू उघड्या असाव्यात आणि थोटके विझवायला वाळूचे भांडे असावे.

– वायुवीजन क्षेत्रात काम करणारे काही अभियंते