थंडीतला गिअरबॉक्सचा दोष थंड गाडीवरच तपासावा

संपादक महोदय,

थंडी पडू लागली की वाहनविषयक सदरांतून बॅटरी, कूलंट आणि टायरमधील हवा यांबद्दल सूचना येतात. जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. याच दिवसांत सकाळी लिव्हर ‘डी’वर (पुढे जाण्याच्या गिअरवर) टाकूनही गाडी काही सेकंद जागची हलत नाही, मग धक्का देऊन निघते आणि पाच-सात किलोमीटर गेल्यावर सगळे सुरळीत होते. ही तक्रार घेऊन जाणाऱ्याला बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते: ‘काही झालेले नाही’ किंवा ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल’. गाडी गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर गरम झालेली असते, दोष दिसत नाही आणि मग अंदाजाने निदान होते. म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये ठेवावी आणि सकाळी पहिल्यांदा ती मेकॅनिकनेच, स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड आणि सेन्सरचे आकडे वाचणारे यंत्र) जोडून, सुरू करावी. एवढ्याने अर्धे काम होते.

या गिअरबॉक्समधले ऑइल नुसते वंगण नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलद्वारे जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद तेच पुढे नेते, क्लच प्लेटांना दाबून धरते आणि ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक मार्गांतून फिरून गिअर बदलते. डेक्स्रॉन ३ जातीच्या ऑइलची स्निग्धता (दाटपणा) १०० अंश सेल्सिअसला साधारण ७ सेंटिस्टोक (स्निग्धतेचे एकक) असते, ४० अंशाला ती पाचपट होते आणि पुढे पारा उतरेल तशी झपाट्याने वाढते. असे दाट ऑइल पंपाला फिल्टरमधून ओढावे लागते. फिल्टर अर्धवट तुंबला असेल तर पंप हवा धरतो आणि सुरू होताच बारीक घरघर ऐकू येते. त्यातच जुन्या गाडीत क्लच पिस्टनची रबरी सील वयाने कडक झालेली असतात. थंडीत ती आणखी आकसतात, ऑइल बाजूने निसटते, दाब वेळेवर तयार होत नाही. सील गरम होऊन फुगली की गळती थांबते, म्हणून दुपारी तीच गाडी निर्दोष वाटते.

दोष केव्हा दिसतो यावरून बरेच कळते. रात्रभर उभी राहिल्यावर, ऊबदार दिवसांतही, फक्त पहिल्या वेळी उशीर होत असेल तर कन्व्हर्टरमधले ऑइल रात्रीत खाली पॅनमध्ये (गिअरबॉक्सच्या तळाच्या ताटात) उतरत असावे. ते पुन्हा भरेपर्यंत गाडी ओढत नाही. फक्त कडाक्याच्या थंडीतच उशीर होत असेल तर ऑइल किंवा सील पाहावी. गरम झाल्यावरही तसेच होत असेल तर पातळी कमी आहे किंवा क्लच झिजला आहे. मोजमापासाठी टोयोटाच्या अनेक सर्व्हिस पुस्तिकांतली कसोटी उपयोगी पडते: ऑइल ५० ते ८० अंशांवर असताना ‘एन’वरून (न्यूट्रल) ‘डी’ घ्यायला १.२ सेकंदांपेक्षा आणि ‘आर’ (रिव्हर्स) घ्यायला १.५ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला पाहिजे. गरम गाडी या मर्यादेत बसत असेल तर गिअरबॉक्स खोलायची घाई मुळीच करू नये.

पातळी तपासण्यात मात्र फार चुका होतात. गाडी सपाट जागी, पुरेशी चालवून गरम केलेली हवी. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमधून एकदा फिरवावा, परत ‘पी’वर (पार्क) आणावा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढावी, पुसावी, पुन्हा घालून वाचावी. काही होंडा गाड्यांत हे इंजिन बंद करून लगेच, तर काही जुन्या क्रायस्लर गाड्यांत ‘एन’वर करायचे असते, म्हणून आपल्या गाडीची पुस्तिका आधी वाचावी. थंड गाडीवर ‘हॉट’ची खूण गाठण्यासाठी ऑइल ओतणे ही सर्वांत नुकसानकारक चूक आहे. गरम झाल्यावर ऑइल प्रसरण पावते, पातळी फिरत्या भागांपर्यंत चढते, फेस होतो आणि फेसातल्या हवेमुळे दाब पडतो. कमी ऑइलची आणि जास्त ऑइलची लक्षणे म्हणूनच सारखी दिसतात.

गिअरबॉक्सला हात लावण्याआधी त्याच्या बाहेरच्या गोष्टी पाहाव्यात. इंजिनचा थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर कूलंट तापत नाही, आणि कंट्रोल युनिट (गिअरबॉक्स चालवणारा संगणक) ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा गिअर, आणि कन्व्हर्टरचा लॉकअप, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स यांची थेट जोडणी, रोखून धरतो. मालकाला वाटते की वरचा गिअर गेला. अशा वेळी स्कॅनरवर बऱ्याचदा पी ०१२८ हा कोड सापडतो. थंड गाडीत पहिली काही मिनिटे लॉकअप न लागणे आणि आरपीएम चढे राहणे हे मुळात तसेच ठरवलेले असते, तो दोष नव्हे. ऑइलच्या तापमानाचा सेन्सर चुकीचे आकडे देत असेल तर दाबाचे गणित बिघडते आणि थंडीत गिअर झटक्याने पडतात. याचे कोड पी ०७१० ते पी ०७१३. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी या सेन्सरचा आणि कूलंट सेन्सरचा आकडा जवळपास सारखा दिसला पाहिजे. ही तपासणी एका मिनिटाची आहे, तरी ती क्वचितच होते. बॅटरीही पाहावी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि स्टार्टर फिरताना साडेनऊच्या वर व्होल्टेज हवे. त्याखाली गेले तर कंट्रोल युनिट गोंधळून गाडी एकाच गिअरमध्ये अडकवू शकतो. फार जुन्या, व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या निर्वातावरून गिअरबॉक्समधला दाब ठरवणारा भाग) असलेल्या गाडीत त्याची नळी काढून पाहावी. आत ऑइल सापडले तर मॉड्युलेटरचा पडदा फाटला आहे.

ऑइल बदलताना पॅनमधून एका वेळी एकूण ऑइलच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच निघते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते. त्यामुळे फिल्टर बदलून, मध्ये काही दिवस गाडी चालवून, हेच काम दोन-तीन वेळा करावे. वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइलवर मशीनने दाब देऊन फ्लश करण्याच्या मी विरोधात आहे. सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या अरुंद मार्गांत जाऊन बसतो. पॅनच्या चुंबकावर राखाडी लेप असणे स्वाभाविक, पण धातूचे कपचे दिसले तर मात्र गिअरबॉक्स खोलण्याला पर्याय नाही. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच हवे. डेक्स्रॉन, एटीएफ+४, टोयोटा टी-४ ही एकमेकांच्या जागी वापरायची नसतात आणि सीव्हीटीचे, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी वेग अखंड बदलणाऱ्या गिअरबॉक्सचे, ऑइल तर वेगळेच असते. उत्पादकाने आपल्या जुन्या ऑइलऐवजी नवे, पातळ ऑइल अधिकृतपणे सुचवले असेल तर थंडीत ते अवश्य घ्यावे. सील फुगवणाऱ्या बाटल्यांनी काही काळ आराम पडतो, पण रबर गरजेपेक्षा मऊ झाले की ते फाटते.

चालवण्याबाबत. इंजिन सुरू केल्यावर मिनिटभर थांबावे, पहिला चढा आरपीएम खाली येऊ द्यावा, ब्रेक दाबून गिअर टाकावा आणि गाडीने तो पकडेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. गाडी हलत नाही म्हणून रेस करणारा माणूस अर्धवट दाबलेल्या क्लच प्लेटा जाळत असतो. ‘पी’वर दहा मिनिटे उभे राहूनही गिअरबॉक्स फारसा तापत नाही, तो चालवण्यानेच तापतो. पहिले काही किलोमीटर अडीच हजार आरपीएमच्या आत ठेवावेत.

आणि एक तपासणी लांबणीवर टाकू नये. अनेक गाड्यांत गिअर ऑइल रेडिएटरमधल्या कूलरमधून फिरते. तो आतून फुटला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकवर गुलाबी, दुधाळ फेस दिसला तर गाडी सुरूही करू नये, टो करून न्यावी. पाणी आणि ग्लायकॉल क्लच प्लेटांवरचे अस्तर सोडवतात, आणि तसे झाले की नुसते ऑइल बदलून गिअरबॉक्स वाचत नाही.

आपला,
एक वाचक