कोंदे यांची ओळख पुरस्कारापुरती नको

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील मारीझ कोंदे यांच्यावरील लेख वाचला. २०१८ मध्ये नोबेल साहित्य पारितोषिक जाहीर झाले नाही, तेव्हा स्वीडनमध्ये दिल्या गेलेल्या पर्यायी पुरस्काराच्या मानकरी, एवढ्यावरच त्यात त्यांची बोळवण केली आहे. ग्वादलूप या कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या या लेखिकेचे मोठेपण त्याच्या कितीतरी आधी सिद्ध झाले होते.

१९८६ साली आलेली त्यांची तितुबावरील कादंबरीच घ्या. अमेरिकेतील सालेम गावच्या १६९२ मधील चेटूक-खटल्यांत सर्वांत आधी पकडल्या गेलेल्या तिघींपैकी ही गुलाम स्त्री एक. तिचा कबुलीजबाब दफ्तरात आहे. पण तुरुंगाचा खर्च भरून कोणीतरी तिला नेले आणि पुढे तिचे काय झाले, याची नोंद नाही. कोंदे यांनी तिला बार्बाडोसमधले बालपण दिले, जडीबुटीची विद्या शिकवणारी म्हातारी मामा याया दिली आणि सारी कथा तिच्याच तोंडून वदवली. शेवटी तिला बार्बाडोस बेटावर परत आणून गुलामांच्या उठावात उभे केले. इतिहासाने जिला केवळ आरोपी म्हणून ओळखले, तिला पूर्ण आयुष्य मिळवून देणारी इतकी ताकदीची कादंबरी माझ्या तरी वाचनात दुसरी नाही.

पुरस्काराच्या तपशिलाला दिलेली जागा या पुस्तकाला मिळायला हवी होती. फ्रेंच न येणाऱ्यांसाठी कोंदे यांचे पती रिचर्ड फिलकॉक्स यांनी केलेला इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे, निदान तेवढे तरी वाचकांना कळवावे.

– एक वाचक, सांगली