केसपेपरची नोंद करणाऱ्यांना आधी शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बार्शी येथील एका खासगी रुग्णालयाच्या स्वागतकक्षात मी गेली २२ वर्षे काम करते. केसपेपर काढणे, नंबर लावणे, पावत्या करणे, डिस्चार्जच्या वेळी हिशेब मिटवणे आणि मेडिक्लेमचे कागद टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे, पाठवणे ही माझी रोजची कामे. रुग्णालयांच्या डिजिटल कारभाराविषयी जे छापून येते त्यात डॉक्टरांची मते असतात, सॉफ्टवेअर कंपन्यांची असतात, अधिकाऱ्यांचीही असतात. परंतु ज्यांच्या हातून ही सगळी माहिती संगणकात जाते, त्या कर्मचाऱ्यांना हे काम कोणी, कधी आणि कसे शिकवले, याची चौकशी माझ्या वाचनात क्वचितच आली. त्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयाने रजिस्टरे बंद करून सॉफ्टवेअर घेतले. खरेदीपूर्वीचे प्रात्यक्षिक डॉक्टरांनी आपल्या केबिनमध्ये पाहिले. त्या वेळी आमच्यापैकी कोणालाही बोलावले नव्हते. पुढे कर्मचाऱ्यांसाठी म्हणून जे ऑनलाइन प्रशिक्षण झाले ते सोमवारी सकाळी ११ वाजता, म्हणजे ओपीडीच्या सर्वांत गर्दीच्या वेळी. परांडा, भूम, करमाळा या बाजूंनी एसटीने आलेले रुग्ण बाकांवर बसले होते, फोन वाजत होता, आणि कंपनीचे प्रशिक्षक लांबून आमच्याच संगणकाचा माऊस ताब्यात घेऊन एकामागून एक पान उघडून दाखवत होते. बोलणे हिंदीत, त्यातले निम्मे शब्द इंग्रजी. दोन तासांत नोंदणी, बिल, वॉर्ड, औषधसाठा, लॅब असे सगळे विभाग उरकले. शेवटी काही शंका आहेत का, असे त्यांनी विचारले तेव्हा आम्ही सगळ्या गप्प होतो, कारण कुठे अडले आहे हे सांगता येण्याइतकेही कोणाला कळलेले नव्हते. आमच्या या गप्प बसण्याचा अर्थ सर्व समजले असा घेतला गेला आणि प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या कागदावर सह्या झाल्या.

त्यानंतरच्या काही महिन्यांत काय झाले ते थोडे विस्ताराने सांगते, कारण नेमका प्रश्न तिथेच आहे. सॉफ्टवेअरमध्ये नाव, मधले नाव आणि आडनाव अशा तीन चौकटी असतात. आमच्याकडे येणारा रुग्ण बहुधा आडनाव आधी सांगतो. सासुरवाशीण कधी नवऱ्याचे नाव लावते, तर माहेरी बाळंतपणाला आलेली असली की वडिलांचे सांगते. इंग्रजी स्पेलिंग तर लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. एकच गायकवाड तीन जणींनी तीन प्रकारे लिहिलेले मी पाहिले आहे. जन्मतारखेने माणूस ओळखावा म्हटले, तर पूर्वी शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली पिढीच्या पिढी आमच्यासमोर उभी असते, आणि आधार कार्डावरही तीच तारीख असते. मोबाइल क्रमांकाने शोधावे, तर अख्ख्या घराचा क्रमांक एकच, तोही बहुधा थोरल्या मुलाचा. तो क्रमांक टाकला की पडद्यावर पाच नावे येतात आणि घाईत असलेली मुलगी पहिल्या नावावर क्लिक करते, किंवा नाव सापडत नाही म्हणून नवी नोंद उघडते. अशाने एकाच माणसाच्या दोन-तीन फायली तयार होतात. हे टाळण्यासाठी आधी कशाकशाने शोधायचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि गाव विचारून खात्री कशी करायची, दुहेरी नोंदी दिसल्या तर त्या एकत्र कोणी करायच्या आणि कोणी करायच्या नाहीत, यातले एक अक्षरही त्या दोन तासांत आम्हाला सांगितले गेले नव्हते. आमच्याकडची नावे आणि आमच्याकडची माणसे त्या प्रशिक्षणात कुठेच नव्हती.

एकदा यातून मोठे संकट ओढवता ओढवता टळले. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या एका मावशींची नवी नोंद उघडली गेली आणि ॲलर्जीचा लाल शेरा जुन्या नोंदीतच राहिला. डॉक्टरांनी समोर दिसणारी कोरी फाइल पाहून इंजेक्शन लिहिले. इंजेक्शन देण्यापूर्वी सिस्टरने सवयीप्रमाणे तोंडी विचारले, म्हणून ते टळले. ती नवी नोंद माझ्या हातची होती. कागदी फायलींच्या काळात मी कपाट धुंडाळून जुनी फाइल काढली असती. संगणकावर ती कशी शोधायची हे मला माहीत नव्हते आणि माहीत नाही असे म्हणण्याचा मला संकोच वाटला होता. हा संकोच माझ्या वयाच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना असतो. शिकवणाऱ्याने तो गृहीत धरूनच शिकवायला हवे.

ऑनलाइन प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असे मात्र माझे म्हणणे नाही. उलट तालुक्याच्या ठिकाणी तेच सोयीचे आहे, हे मी अनुभवाने सांगते. त्या प्रसंगानंतर डॉक्टरांनी कंपनीकडे पुन्हा मागणी केली आणि दुसऱ्या एक प्रशिक्षिका मिळाल्या. त्यांनी आधी आमच्या दिवसाचे वेळापत्रक विचारले. सकाळची ओपीडी उठल्यावर आणि संध्याकाळची सुरू होण्यापूर्वी, दुपारी ३ ते ३.३० ही वेळ ठरली. एका वेळी एकच विषय, असे आठ दिवस. मराठीत बोलल्या. सरावासाठी खोट्या नावांची वेगळी नोंदवही त्यांनी संगणकात उघडून दिली, त्यामुळे काही बिघडेल ही भीती गेली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांनी आमच्या माऊसला हात लावला नाही. पडदा आमचा, हात आमचे. त्या फक्त पाहत होत्या आणि आम्ही चुकलो की थांबवून विचारत होत्या. भरलेला ॲडव्हान्स वजा करून अंतिम बिल करणे, चुकलेली पावती खोडण्याऐवजी कारण लिहून रद्द करणे, डिस्चार्ज कार्ड छापण्याआधी औषधांची यादी सिस्टरकडून तपासून घेणे, ही कामे मी त्या आठ दुपारांत शिकले. महिन्याभराने त्यांनी पुन्हा एक तास फक्त आमच्या अडचणींसाठी दिला. त्या तासाचा उपयोग पहिल्या आठ दिवसांइतकाच झाला, कारण खऱ्या शंका काम करतानाच निघतात.

आता प्रश्न केवळ बिलांचा राहिलेला नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाच्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा १४ अंकी ओळख क्रमांक, काढण्याचे काम ओपीडीच्या खिडकीवर येऊन ठेपले. नावांचा जो गोंधळ मी वर सांगितला त्यावर हा क्रमांक चांगला उपाय ठरू शकतो, असे मला मनापासून वाटते. परंतु खिडकीवर पहिला प्रश्न येतो तो "यावर पाच लाखांचे उपचार फुकट होतात का?" असा. आभा क्रमांक आणि उपचारखर्चाचे आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावून सांगण्याचे काम आमचे, आणि कित्येक कर्मचाऱ्यांनाच तो फरक ठाऊक नसतो. त्याहून नाजूक गोष्ट ओटीपीची. ओटीपी कोणालाही सांगू नका, असे बँकांनी आणि पोलिसांनी लोकांना वर्षानुवर्षे बजावले आहे, आणि आम्ही त्याच लोकांना मोबाइलवर आलेले आकडे सांगा म्हणतो. हा ओटीपी कशासाठी आहे, त्यातून कोणती माहिती घेतली जाणार आहे आणि आभा काढणे ऐच्छिक आहे, हे रुग्णाला दोन सोप्या वाक्यांत सांगता आले पाहिजे. कुठले बटण दाबायचे याइतकेच रुग्णाशी काय बोलायचे हेही प्रशिक्षणात असायला हवे.

गोपनीयतेबद्दलही हेच म्हणावे लागते. अनेक ठिकाणी सगळे कर्मचारी डॉक्टरांच्याच लॉगिनने काम करतात आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. त्यामुळे पावती कोणी रद्द केली, रिपोर्ट कोणी उघडला, हे पुढे कळत नाही आणि संशय मात्र सगळ्यांवर येतो. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन असणे हे कर्मचाऱ्याचेही संरक्षण आहे. एचआयव्ही बाधितांची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे, गर्भपाताच्या नोंदींबाबतही कायदा तसाच कडक आहे, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. आमच्या खिडकीवरचा पडदा पूर्वी बाकांवर बसलेल्या रुग्णांना सहज दिसत असे. तो फिरवून ठेवायला खर्च काहीच आला नाही. पण तो फिरवायला हवा, हे कोणीतरी सांगावे लागले.

वीज किंवा नेट गेल्यावर काय करायचे, हा विषय तर मी एकाही प्रशिक्षणात ऐकला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा एवढ्या मोठ्या संस्थेलाही बरेच दिवस कागदावर काम करावे लागले. आमच्याकडे कोरे केसपेपर आणि क्रमांक घातलेले पावतीपुस्तक खिडकीच्या खणात ठेवण्याची पद्धत आम्ही स्वतःच सुरू केली; त्या नोंदी नंतर संगणकात चढवताना मूळ वेळ लिहायची, हेही आम्ही अडखळतच शिकलो.

डॉक्टरांना आपली नोंदणी पुढे चालू ठेवण्यासाठी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. त्यांचे शिक्षण सतत चालू राहावे याची अशी व्यवस्था आहे आणि ती योग्यच आहे. स्वागतकक्षातील मुलगी मात्र बारावी झालेली असते, एमएससीआयटीचे प्रमाणपत्र तिच्याकडे असते आणि पहिल्याच दिवशी तिला खुर्चीवर बसवले जाते. ती वर्षभराने सोडून गेली की नवी येते, आणि सॉफ्टवेअर घेतेवेळी झालेले प्रशिक्षण या नव्या मुलीच्या वाट्याला कधीच येत नाही. तिला शेजारची मुलगी जेवढे शिकवील तेवढेच येते, आणि शेजारचीच्या चुकाही त्याबरोबर येतात.

एमएससीआयटीने गेल्या दोन दशकांत गावोगावच्या मुलामुलींना मराठीतून संगणक शिकवला. त्याच धर्तीवर रुग्णालयातील स्वागतकक्ष, बिलिंग आणि वॉर्डमधील कर्मचाऱ्यांसाठी एखादा छोटा मराठी ऑनलाइन अभ्यासक्रम महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने, डॉक्टरांच्या संघटनांना बरोबर घेऊन तयार करावा, अशी माझी विनंती आहे. त्यात कोणा एका कंपनीचे सॉफ्टवेअर नको. रुग्णाची ओळख पटवणे, दुहेरी नोंद टाळणे, संमती घेणे, गुप्तता राखणे, संगणक बंद असताना काम चालवणे, या सर्व सॉफ्टवेअरना लागू पडणाऱ्या गोष्टी असाव्यात. कंपन्यांनी आपापले प्रशिक्षण मराठीत ध्वनिचित्रमुद्रित करून द्यावे, म्हणजे नव्या मुलीला ते पुन्हा पाहता येईल. रुग्णालयांनी खरेदीच्या करारातच सरावाची वेगळी नोंदवही आणि महिन्याभरानंतरचे सत्र लिहून घ्यावे. आणि हे शिकणे कामाच्या वेळेत, पगारी वेळेत व्हावे. घरी जाऊन स्वयंपाक उरकल्यावर मोबाइलवर पाहा, असे सांगून कोणी शिकत नाही.

आंतररुग्णाचे कागद तीन वर्षे जपून ठेवावेत आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. हे कागद मागायला नातेवाईक येतात ते आमच्या खिडकीवर. मागच्याच आठवड्यात भूम तालुक्यातून आलेल्या एका मुलाला त्याच्या वडिलांचे दोन वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्ड पुढच्या उपचारासाठी हवे होते. नाव, गाव आणि आजोबांचे नाव विचारून ते मला दहा मिनिटांत काढून देता आले. ते कसे काढायचे हे शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीला अजून येत नाही, आणि तिला शिकवायला सध्या माझ्याशिवाय कोणी नाही.

आपली,
एक वाचक
बार्शी, जि. सोलापूर